नावापुरती रिकामी जागा

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होतो. कोणाला खोटं वाटलं तर वाटू द्या, मी भांडायला येणार नाही.

साल १९९८. श्रावण महिना. जळगाव.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही भर दुपारी घडली.

मी आणि माझा मित्र धनसिंग, आम्ही दोघांनी मिळून जळगावात डी.टी.पी.चं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अंक. चांगली छपाई मात्र धुळ्याला कन्हैयालाल शेठच्या प्रेसमध्ये व्हायची. आम्ही इथे पान तयार करायचो, ते प्रिंटरवर न पाठवता फाइलमध्ये साठवायचो, आणि ती प्रिंटरची फाइल फ्लॉपीवर घालून एस.टी.ने धुळ्याला धाडायचो.

गोची एकच होती. ती फाइल उघडून बघता यायची नाही. धुळ्याला कागद बाहेर पडेपर्यंत आत काय आहे ते कळायचंच नाही.

मग एका मासिकासोबत सी.डी. मिळाली. तिच्यात एक सॉफ्टवेअर होतं. प्रिंटरची फाइल घ्यायची, तिची पी.डी.एफ. करून द्यायची. छापल्यावर पान कसं दिसेल ते पडद्यावरच बघायला मिळणार!

आम्ही खूश झालो. रविवारी दुकान बंद ठेवून ते वापरून बघायचं ठरलं.

चाचणीसाठी हाताशी एकच तयार पान होतं.

हिलालच्या वर्षश्राद्धाचं कार्ड.

हिलाल पाटील कन्हैयालाल शेठच्या प्रेसमधला ऑपरेटर. आमच्या फ्लॉप्या तोच घ्यायचा. कामातून ओळख, ओळखीतून दोस्ती. मागच्या श्रावणात तो मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर गेला होता. पाण्यात उतरला आणि दिसेनासा झाला. पुढे बऱ्याच दिवसांनी खालच्या अंगाला प्रेत सापडलं. चेहरा राहिला नव्हता. त्याचे मोठे भाऊ अभिमन नाना, त्यांनी शर्टावरून ओळख पटवली.

तिरडीला मीही खांदा दिला होता.

तर ते पान मी सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. पट्टी हळूहळू भरत गेली. पी.डी.एफ. उघडली.

चौकट बरोबर. अक्षरं बरोबर. तारीख, ठिकाण, सगळं जागच्या जागी.

फक्त…

"कै." नंतर काहीच नव्हतं.

"कै.             यांचे प्रथम पुण्यस्मरण."

मधली जागा कोरी.

"फॉन्टचा घोळ आहे," धनसिंग म्हणाला.

मलाही तेच वाटलं. मराठी फॉन्ट तेव्हा असेच दगा द्यायचे. मूळ पान बघितलं, त्यात नाव होतं. आमच्या जुन्या प्रिंटरवर कागद काढला, त्यावरही नाव आलं. पुन्हा फाइल केली. पुन्हा पी.डी.एफ.

कोरी जागा.

मग "हिलाल टी स्टॉल" असं टाइप करून बघितलं. नीट आलं.

मग सुचेल ते दुसरं नाव, "कै. लखीचंद" टाकलं. तेही आलं.

"कै. हिलाल" टाकलं…

नाव गेलं.

मी माउस धरून त्या कोऱ्या जागेवरून ओढला. निळी पट्टी उमटली. बरोबर नावाएवढी लांब.

आत एकही अक्षर नव्हतं.

आता मला वेगळाच संशय यायला लागला. धनसिंगला कॉम्प्युटरमधलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि चेष्टा करायची त्याला खोड होती. पण मेलेल्या माणसाची चेष्टा?

"धनसिंग, पुरे झालं आता," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कौतिक, मी मघापासून तुझ्याच हाताकडे बघतोय. मला वाटतंय तूच करतोयस हे."

मग तो उठला, चप्पल घातली आणि जेवायला म्हणून निघून गेला. दार जरा जोरातच लावलं.

मी एकटाच उरलो.

पाऊस दडी मारून बसला होता. बाहेर उकाडा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. आता धनसिंगचा हात लागण्याचा प्रश्नच नव्हता.

पी.डी.एफ. उघडली.

कोरी जागा.

आणि फोन वाजला.

रविवारी दुकानात कोणी फोन करत नाही. मी उचलला.

"हॅलो?"

नुसती खरखर.

"हॅलो, कोण?"

"कोण…" पलीकडून आवाज आला.

लाइनचा घुमारा असेल, माझाच आवाज परत येत असेल, असं मी मनाला समजावलं. परत विचारलं, "कोण बोलतंय?"

"कोण…?"

तो माझा आवाज नव्हता. हिलालचाही नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगतो. कोणी थट्टा करत होतं असंही नाही. एखादा माणूस झोपेतून उठून स्वतःलाच विचारतो ना… तसा.

मी रिसीव्हर आपटला. दार उघडून पायरीवर येऊन उभा राहिलो.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली. पुष्पाबाई वहिनी आणि अभिमन नाना उतरले.

पुष्पाबाई म्हणजे हिलालची बायको. माहेर जळगावजवळच्या असोद्याचं, त्या तिथे आल्या होत्या. कार्ड आजच बघून पक्कं करायचं म्हणून नाना धुळ्याहून येऊन त्यांना घेऊन आले होते. दुकान बंद दिसलं असतं तर माझ्या घरी जाणार होते.

मला पडदा बंद करायला वेळच मिळाला नाही.

वहिनी सरळ आत आल्या. कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या. शाळा शिकलेल्या होत्या. ओळीवरून बोट फिरवत वाचत गेल्या… आणि कोऱ्या जागेपाशी बोट थांबलं.

मी घाईघाईने म्हणालो, "वहिनी, ते मशीनचं चुकतंय. नाव येईल."

त्यांनी मान हलवली.

"भाऊ, काहीच चुकनं नही. हाई बठ्ठं बरोबर शे."

नाना भडकले. "काय सगळं बरोबर? नाव कुठंय त्याचं? कौतिकभाऊ, हा काय खेळ मांडलाय तुम्ही? हिच्या डोक्यात आधीच नाही नाही ते भरलंय!"

"काय भरलंय?" मी विचारलं.

वहिनीच बोलल्या, शांतपणे.

"त्या दिवशी मी पाय बघितला होता, भाऊ. यांचा अंगठा लहानपणी नांगराखाली आलेला, वाकडा होता. त्या प्रेताचा अंगठा सरळ होता. मी ओरडून सांगितलं. बाया म्हणाल्या, दुःखानं येडी झाली. मला धरून आत नेलं."

नानांनी खुर्ची ओढली. "सरका," मला म्हणाले. "मी टाइप करतो. बघू कसं येत नाही."

त्यांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत भावाचं नाव लिहिलं. मी लांब उभा राहून पुढचं काय दाबायचं ते सांगत होतो. पट्टी भरली.

पान उघडलं.

"कै."

आणि पुढे कोरी जागा.

नाना पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची मागे सारली.

"त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती," ते म्हणाले. "पोलीस घाई करत होते. शर्ट तसाच वाटला… पट्ट्यापट्ट्यांचा. आई रोज पाण्याकडे धावायची. तिला कुठंतरी थांबवायचं होतं. मी म्हणालो, हाच."

"अंगठा बघितला होता तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

नानांनी तोंड फिरवलं.



माझ्या डोक्यात मात्र एकच विचार… हिलाल नव्हता, तर मी खांदा कोणाला दिला होता? आम्ही कोणाला जाळलं? दुसऱ्याचं नाव लावून?

आणि मघाशी फोनवर स्वतःला विचारत होता, तो कोण?

कार्ड छापलं नाही. नाना पोलिसांकडे जाऊन आले. जाळलेल्या माणसाची आता काय ओळख पटवणार, म्हणून त्यांनी परत पाठवलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, विधी करायचा. हिलालचा नाही. ज्याला आपण जाळलं, त्याचा.

आम्ही तिघं सकाळी जीप करून मुडावदला गेलो. धनसिंगला बोलावलं होतं, तो आला नाही. घाटावर एक म्हातारे गुरुजी मिळाले. नाना त्यांच्यासमोर बसले, मी आणि वहिनी बाजूला. संगमाचं पाणी गढूळ, जोरात वाहत होतं.

गुरुजींनी दर्भ ठेवला आणि विचारलं, "गेलेल्याचं नाव?"

नानांनी मान खाली घातली. काय सांगायचं तेच आम्ही ठरवलं नव्हतं. नाव माहीत नाही असं मी म्हणणार, इतक्यात…

गुरुजींनी मान डोलावली. "बरं."

आणि मंत्र सुरू झाले.

मंत्रात मध्येच एक नाव आलं. पाण्याच्या आवाजात मला ते धड ऐकू आलं नाही. पण नाव होतं. आणि ते हिलाल नव्हतं.

मी नानांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. अंगठ्यावरून सोडलेलं पाणी त्यांच्या मांडीवर सांडत होतं.

सगळं आटोपल्यावर नानांनी विचारलं, "गुरुजी, नाव कोणतं घेतलं तुम्ही?"

"त्यांनी सांगितलं तेच."

"कोणी?"

"तुमच्यासोबत आलेल्यांनी," गुरुजींनी आमच्या मागे हात केला. "ते… ओल्या कपड्यांतले…"

हात तसाच वर राहिला.

आम्ही वळून बघितलं. मागे घाट रिकामा होता.

"नाव काय होतं, बाबा?" वहिनींनी विचारलं.

गुरुजींचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. "आत्ता तर घेतलं ना मी…"

नाव त्यांना आठवलं नाही. आम्हालाही सांगता आलं नाही.

नाना तर उठून चालायलाच लागले. वहिनी मात्र थांबल्या. त्या रिकाम्या पायऱ्यांकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"भाऊ, आते घर जा," त्या म्हणाल्या. "तुमनी बी कोनी वाट दखत व्हई."

हिलाल आजपर्यंत आलेला नाही. वहिनी कुंकू लावतात. लोक बोलतात, त्या मनावर घेत नाहीत.

मला मात्र एका गोष्टीचा संशय जात नाही. ज्याला घर कुठलं तेच आठवत नसेल, तो जाणार कुठे?

त्या दिवशी परत येताना जीपमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी होती.

उतरताना सीटला हात लागला…

ओली होती.