खारी आणि अर्धी गोळी

तेजस्विनीने बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध अगदी रेघेपर्यंत भरलं, डोळ्यांसमोर धरून पुन्हा तपासलं आणि ती पार्किंगमधल्या खोक्याकडे वळली. खोका रिकामा होता.

“खारी कुठेय?”

“फिरायला गेली असेल. सुट्टी तिलाही आहे,” रविराज म्हणाला.

“तीन पायांवर?”

रविराज वाकून गाड्यांखाली बघू लागला.

विश्रांतवाडीतल्या सोनचाफा सोसायटीत त्या मे महिन्यात मुलांचा दुष्काळच पडला होता. कोणी मामाकडे गेलं होतं, कोणी शिबिराला. उरले होते तिघे. बारा वर्षांची तेजस्विनी, तिची धाकटी बहीण शेफाली आणि तिसऱ्या मजल्यावरचा रविराज, जो आठवीत जाणार म्हणून आतापासूनच दहावी झाल्यासारखा बोलायचा. चौथी खारी. बेकरीतल्या खारीसारखा रंग, म्हणून तिचं नाव खारी. ती कोणाचीच मांजर नव्हती, म्हणजे सगळ्यांचीच होती.

मागच्या आठवड्यात सायकलींच्या शेडच्या पत्र्यावरून उडी मारताना ती घसरली आणि तिचा पुढचा पाय सुजला. तिघांनी तिला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टर भाग्यश्रीताईंकडे नेलं. हाड शाबूत होतं, पण दुखत खूप होतं. डॉक्टरांनी खारीचं वजन केलं, दुखणं कमी करणाऱ्या औषधाची बाटली दिली आणि दिवसातून एकदाच, पोटात खाणं गेल्यावरच, रेघेच्या वर थेंबभरही नको, असं बजावून सांगितलं. शिवाय घरातली कुठलीही गोळी तिला द्यायची नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. तेजस्विनीने ते सगळं मन लावून ऐकलं आणि औषधाची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

“ताई, इकडे ये,” पाण्याच्या पंपामागून शेफालीचा आवाज आला. “खारीचं तोंड बघ कसं झालंय.”

खारी भिंतीला चिकटून बसली होती. तिचा चेहरा सुजला होता, तोंडातून लाळ गळत होती आणि पोट भराभर खालीवर होत होतं. तेजस्विनीने हात पुढे केला तरी तिने मान वळवली नाही. तिने हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. औषध तर आपणच देतोय, हा विचार तिच्या मनात आला आणि मग काही केल्या जाईना.

तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी व्हिडिओवर खारीच्या हिरड्या दाखवायला सांगितल्या. गुलाबी असायच्या त्या हिरड्या मळकट तपकिरी दिसत होत्या.

“माझ्याकडून जास्त गेलं का औषध?” तेजस्विनीने विचारलं.

“रेघेपर्यंतच दिलंस ना? मग एवढ्यानं असं सहसा होत नाही. हिच्या पोटात दुसरं काहीतरी गेलंय. तिला ताबडतोब घेऊन ये. आणि काय गेलंय ते शोधता आलं तर बघ. ते कळलं तर मला नेमका उतारा देता येईल.”

तोवर पार्किंगमध्ये चार मोठी माणसं जमली होती. माणसं जमली की सल्ले आलेच. मांजराला कसलं आलंय औषध, असं एकजण म्हणाले. पोरांच्या हातात बाटल्या दिल्यावर दुसरं काय होणार, असं एक काकू म्हणाल्या. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार होते, मांजर उचलायला मात्र कोणी पुढे येईना. तळमजल्यावरचे उत्तरेश्वरकाका तेवढे कळवळून खाली बसले आणि खारीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. काका मूळचे सोलापूरचे, भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सोसायटीत त्यांच्यासारखा मायाळू माणूस दुसरा नव्हता.

“त्या थेंबांनीच घात केला बघ,” ते म्हणाले. तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविराजचं लक्ष भलतीकडेच होतं. सोसायटी उभी राहिली ती जमीन ज्यांच्या घराण्याची, ते वैजनाथशेठ आपल्या नव्या पांढऱ्या गाडीपाशी उभे होते. गाडीच्या बॉनेटवर खारीच्या पावलांचे ठसे उमटायचे आणि ते दिसले की शेठचा पारा चढायचा. या मांजरीचा एकदा बंदोबस्त करतो, असं त्यांनी परवाच सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

“शेठ, तुम्ही तिला काही खायला घातलंत का?” रविराजने सरळच विचारलं.

“मी? माझ्या गाडीवर नाचायला वर आणि खुराक देऊ व्हय तिला?”

“तुम्ही बंदोबस्त करणार म्हणाला होतात.”

“म्हनलो होतो. बोलणं येगळं हाय, करणं येगळं.” शेठनी खारीकडे नीट पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. “मरायला टेकलीय की ही. डॉक्टर कुठं हाय? गाडी काढतो. त्या मागच्या गाडीवाल्याला खाली बोलवा आधी, माझी वाट अडवून ठेवलीय त्यानं.”

रविराज ओशाळला. ज्याच्यावर बोट ठेवलं तोच मदतीला धावला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती. मागच्या गाडीचा मालक आंघोळीला गेला होता. तो येईपर्यंत थांबणं आलं.

तेवढ्या वेळात शेफालीने पंपाजवळून एक छोटी स्टीलची ताटली शोधून काढली. ताटलीला वाळलेली साय चिकटली होती आणि सायीत पांढरे कण होते. रविराज ते चाखून बघायला निघाला तसा तेजस्विनीने त्याच्या हातावर फटका मारला. एक कण जरा मोठा होता. त्याची एक बाजू गोलसर होती आणि दुसरी सुरीने कापल्यासारखी सरळ.

“गोळी आहे ही,” ती हळूच म्हणाली. “कापलेली गोळी.”

आणि तिला स्वतःचा ताप आठवला. मागच्या पावसाळ्यात आई-बाबा ऑफिसला असताना उत्तरेश्वरकाका आले होते. त्यांच्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. सगळ्या सोसायटीची उरलेली औषधं त्या डब्यात जमायची आणि तिथूनच सगळ्या सोसायटीला वाटली जायची. मोठ्यांना एक, लहानांना अर्धी. काकांनी सुरीने गोळी कापून साखरेत चुरून तिला दिली होती आणि उरलेली अर्धी कागदाच्या कपट्यात बांधून पुन्हा डब्यात ठेवली होती. काका काहीच वाया जाऊ द्यायचे नाहीत.

काखेत कळसा नि गावाला वळसा! पण विचारायचं कसं? काकांवर आळ घेतला तर मोठी माणसं तिलाच दटावतील. काका गडबडून जातील, दुखावतील. आणि न विचारावं तर खारी हातची जाईल.

“रविराज,” ती म्हणाली, “तुझं डोकं दुखतंय.”

“नाही, मी ठीक आहे.”

“दुखतंय. काकांकडे जाऊन सांग. आणि ते देतील ते तोंडात घालायचं नाही.”

काका तेवढ्यात खारीसाठी मऊ पंचा आणायला घरात गेले होते. रविराज कपाळ धरून त्यांच्या दारात इतका कण्हला, की नाटकाच्या सरांनी त्याला लगेच हाकलून दिलं असतं. काकांना मात्र ते खरं वाटलं. उन्हात हिंडता, डोकं दुखणारच, असं पुटपुटत त्यांनी कपाटातून श्रीखंडाचा डबा काढला.

“थांब. कालची अर्धी उरलीय बघ. आधी ती संपव, मग नवी फोडू.”

कागदाच्या कपट्यातून अर्धी पांढरी गोळी निघाली. तेजस्विनी दारातच उभी होती.

“काका, दुसरी अर्धी कोणी घेतली?”

“आपल्या खारीनं की. संध्याकाळी नुसती कण्हत होती बिचारी. तुमच्या त्या थेंबभर औषधानं काय होतंय? लहान जीव म्हणून अर्धीच दिली. सायीत घालून.”

ते इतक्या सहज आणि मायेनं बोलले, की पुढचं बोलणं तेजस्विनीच्या जिवावर आलं. पण ती बोलली. डॉक्टरांनी कुठलीच घरातली गोळी द्यायची नाही असं सांगितलं होतं, ते मी तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही, असं ती म्हणाली. बहुतेक त्या गोळीनेच खारीला त्रास होतोय, हेही तिने सांगून टाकलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे. त्यांनी गोळ्यांची पट्टी शोधून खिशात टाकली, पायात चपला सरकवल्या आणि ते तिच्यामागून निघाले.

शेठच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. खारीला मांडीवर घेऊ का, केस पडतील, असं तेजस्विनीने विचारलं. “पडूदे,” शेठ म्हणाले आणि त्यांनी स्वतःच प्लास्टिक टराटरा ओढून काढलं.

दवाखान्यात काकांनी पट्टी पुढे केली. डॉक्टरांनी नाव वाचलं, कधी आणि किती दिली ते विचारलं आणि खारीला आत नेलं. तिला सलाइन लावलं, श्वासासाठी ऑक्सिजन दिला आणि त्या गोळीवरचा उतारा सुरू केला. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या.

“पॅरासिटामॉल. माणसाचं यकृत ते पचवतं, मांजराला ते जमत नाही. त्याचं विष होतं आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. तुम्ही पट्टी आणलीत म्हणून माझा वेळ वाचला.”

“पाव दिली असती तर?” काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

“पावही नाही काका. या गोळीचं मांजरासाठी सुरक्षित असं मापच नाही.”

“मग औषधच नको मुक्या जनावराला,” शेठ म्हणाले. “आपोआप बरं होतंय ते.”

“आणि तोवर दुखतंय त्याचं काय?” डॉक्टर म्हणाल्या. “दुखणारं मांजर कोपऱ्यात लपतं, खाणं सोडतं. तोही धोकाच आहे. मी दिलेल्या औषधातही धोका होता. म्हणून तर वजन केलं, माप ठरवलं, रिकाम्या पोटी नको म्हटलं. दोन्ही पारडी बघायची आणि मग द्यायचं. आता तिचं यकृत थकलंय, तेव्हा ते थेंब बंद. दुसरं काय द्यायचं ते मी उद्या तपासून ठरवीन.”

खारी काही दिवस दवाखान्यातच राहिली. पहिल्या दिवशी डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हत्या. काका रोज सकाळी दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसायचे. एका सकाळी खारीच्या हिरड्या गुलाबी दिसल्या आणि तिने अन्नाला तोंड लावलं, तेव्हा काकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

ती घरी आली ती नवं औषध घेऊन. तेजस्विनीने सिरिंज भरली, पण तिचा हात पुढे जाईना. आपणच पुन्हा काही बिघडवलं तर? काकांनी खारीला पंच्यात अलगद गुंडाळून मांडीवर धरलं.

“दे पोरी. तू विचारून देतीयेस,” ते म्हणाले. “मी न विचारता दिलं.”

तिने रेघ पुन्हा एकदा पाहिली आणि औषध दिलं. खारीने वाईट तोंड केलं, म्हणजे ती आता नक्की बरी होती.

रविवारी सोसायटीच्या बैठकीत वैजनाथशेठनी तिघांना पुढे बोलावलं. पोरांनी डोकं चालवलं म्हणून जनावर वाचलं, आपण मोठे नुसते बोलत बसलो, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. रविराजला त्यांनी वेगळं सांगितलं, की पुढच्या वेळी संशय घेताना जरा दमानं घे. थेंबांना दोष देणाऱ्या काकूंनी तेजस्विनीच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यानेच तिला फार बरं वाटलं.

बैठक संपल्यावर काका घरातून तो श्रीखंडाचा डबा घेऊन आले. डबा पाहून रविराजने घाईघाईने आपलं डोकं अजिबात दुखत नसल्याचं जाहीर केलं. काका हसले आणि त्यांनी झाकण काढलं. डबा घासून लख्ख केला होता आणि आत काठोकाठ श्रीखंड होतं. सगळ्या गोळ्या औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या, असं त्यांनी सांगितलं.

तिघांच्या वाट्या भरल्या. पायाशी खारी येऊन बसली आणि वर बघत म्यांव करू लागली. शेफालीने बोटावर थोडं श्रीखंड घेतलं आणि ती खाली वाकली.

“थांब,” उत्तरेश्वरकाका म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. “आधी डॉक्टरांना विचारू.”