चावी झिजलीया

चिंतामणमामांनी गिअरबॉक्स उतरवून खोलायचं ठरवलं, तेव्हा ज्ञानदाला वाटलं, आता आपलं बिंग फुटणार.

रहिमतपूरच्या शेडमध्ये मामांची जुनी लाल स्पोर्ट्स कार स्टँडवर चढवलेली होती, मागची चाकं अधांतरी. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मात्र मागे, चाकांच्या मधे, असा तिचा थाट. ॲक्सिलरेटर दाबला की मागून ‘खट्’, सोडला की पुन्हा ‘खट्’. गिअरचे दाते झिजलेत, असं मामांनी ठरवून टाकलं आणि खापर फोडलं गाडी जोडणाऱ्या मेकॅनिक गुंडादादावर. सांगलीचा जुन्या गाड्यांचा मेळावा हुकणार म्हणून ते इतके भडकले, की त्याला कामावरूनच काढलं. तो बिचारा मेढ्याला आपल्या घरी निघून गेला.

ज्ञानदा तेव्हा तिथेच उभी होती आणि गप्प राहिली होती. कारण सुट्टीला मामाकडे आल्या आल्या, मामा इंजिन चालू ठेवून आत गेलेले असताना, तिने गाडीत बसून क्लच न दाबताच गिअर ओढला होता. केवढा कर्रर्र आवाज झाला होता! तेव्हापासून तिला आंबासुद्धा गोड लागत नव्हता.

शेवटी तिने मामेभाऊ धवलला आणि शेजारच्या नागसेनला सगळं सांगितलं.

“म्हणजे आमच्या गाडीचे दात तू पाडलेस?” धवल म्हणाला.

“पाडलेत का ते आधी बघू की,” नागसेन म्हणाला. त्याच्या घरी पिठाची चक्की होती, त्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंशी त्याची जुनी ओळख.

मामा जेवून लवंडले, तसे तिघे शेडमध्ये शिरले. गाडी गिअरमध्येच होती. चाकाच्या मधोमध नटाबाहेर ॲक्सलचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, टोक दिसत होतं. नागसेनने त्या टोकावरून चाकापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. दाते झिजले असतील तर चाक हलवल्यावर ॲक्सलही हलेल आणि रेघ सरळच राहील, असा त्याचा हिशेब. उजवीकडे रेघ सरळ राहिली. डावं चाक मात्र मागेपुढे केलं तर ‘खट्’ झालं आणि रेघ मधोमध तुटली. चाक हललं होतं, ॲक्सल जागच्या जागी होता!

“दाते बरे हायत. चावी झिजलीया,” नागसेन म्हणाला.

“गाडीची चावी?”

“न्हाई गं! चाक ॲक्सलवर घट्ट बसावं म्हणून खाचेत लोखंडी तुकडा घालत्यात, त्याला चावी म्हणत्यात. आमच्या चक्कीच्या पुलीतबी हाय.”

ज्ञानदाला एकदम आठवलं. चाकं बसवताना गुंडादादाने शेडमधून फोन केला होता, तेव्हा ती मामांजवळच बसली होती. चावी झिजलीय, नवी टाकू का, असं तो विचारत होता. आणि मामा पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, “अरे, लागते ना अजून? मग जुनीच राहू दे.”

धवलने मामांना उठवून आणलं. त्यांनी स्वतः चाक हलवून पाहिलं, मग “मला वाटलं, तो गाडी सुरू करायची चावी म्हणतोय!” म्हणत कपाळाला हात लावला. मुलांना शाबासकी मिळाली, सांगलीला बरोबर न्यायचंही कबूल झालं. ज्ञानदाचा दोष कुणालाच कळला नव्हता आणि आता कळायची गरजही नव्हती. पण ती शाबासकी तिला घेववेना. तिने मामांना गिअरची गोष्ट सांगून टाकली आणि त्यांच्याच मोबाइलवरून गुंडादादाला फोन लावला.

“दादा, मला वाटत होतं माझ्यामुळेच बिघडलंय. तरी तुला बोलणी बसत होती तेव्हा मी गप्प राहिले.”



“आई सारखी इचारती, काय चोरलंस म्हणून काढलं,” गुंडादादा म्हणाला. “माझं तिला पटंना. तिच्याकडं फोन देतो. तू सांग.”

ज्ञानदाने फोन दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. मामा शेजारी येऊन उभे राहिले. “तुझं झालं की मला दे,” ते हळूच म्हणाले, “मलाही सांगायचंय.”