जाते म्हणायचं नसतं

१९६३च्या मे महिन्यात वसुधाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी जर्मनीत गार्चिंगला आल्या. शिक्षण दुसरीपर्यंत, पण जिभेला अशी धार की मुलाच्या, दिनकरच्या, तिथल्या संशोधन संस्थेतले प्रोफेसरही त्यांच्यापुढे हॅट काढून उभे राहत. सून शुभा जड पावलांची, घराबाहेर पडत नसे. म्हणून सकाळचं फिरणं बाई एकट्याच उरकत. इसार नदीकाठी राखीव रान होतं, त्यात एक उथळ तळं, आणि तळ्यात अंगठ्याएवढे चिखली बेडूक. जवळ गेलं की अंग वाकवून पोट दाखवायचे; पोट हळद फासल्यासारखं पिवळं. जर्मन त्यांना उंके म्हणत.

"काय रे मेल्यांनो, कुणाचं लग्न काढलंत?" असं बाई त्यांना विचारत, आणि उठताना सवयीने म्हणत, "येते हं."

जाते म्हणायचं नसतं. दिनकरचे वडील एकदा घाईत "जातो" म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून घरात कुणी तो शब्द काढला तर बाई त्याला उंबऱ्यातून मागे फिरवून पाटावर बसवत.

चौथ्या सकाळी तळ्यातून उत्तर आलं. "ये."

बेडकांचा आवाज तसाच असतो, असं दिनकर म्हणाला. बाईंनी ते मानलं. पण दुसऱ्या दिवशी सगळे बेडूक काठावर येऊन बसले होते, तोंडं गावाकडे. मग ते पायवाटेवर दिसले. मग रणरणत्या डांबरी रस्त्यावर. आठवड्याभरात घराच्या पायऱ्यांवर. बाई शिव्या देत झाडूने लोटायच्या. ते पोटं दाखवायचे आणि जागेवरच राहायचे.

सोमवारी शुभाच्या पलंगाखालून आवाज आला. ती पोटावर हात ठेवून हसत होती.

"आई, ते 'ये' म्हणाले की बाळ ढुशी मारतं. ते थांबले की थांबतं."

बाईंनी पदर खोचला. शब्द आपण दिला होता, निस्तरायचाही आपणच. तो मोडायला जगात एकच शब्द होता, आणि तो त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता.

त्या तडक तळ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐका रे. मी येत नाही. मी जाते."

आवाज थांबला. पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट झालं.

परतताना रस्ता रिकामा होता. पायऱ्या कोरड्या.

त्यांनी घंटी दाबली. शुभाने दार उघडलं, नऊवारी पातळाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि जपून जुळवलेल्या जर्मनमध्ये म्हणाली, "बिट्टे?" कोण हवंय, असं परक्याला विचारावं तसं.

"अगं, मी."

शुभा अदबीने बघत राहिली.

आतून दिनकरने विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.