बद्द वाजणारी सायकल

"मामा, तुमी शब्द दिलाच कशामुळं?"

रेणुकाचा आवाज एवढा चढला, की ताडकळसच्या बाजारात कांदे निवडणाऱ्या दोन बाया वळून बघू लागल्या.

"हळू बोल जरा," मुंजाजीमामा म्हणाले. "किशनराव आपल्या ओळखीचा माणूस हाय. जाड टायरची सायकल हाय, नवी कोरी हाय. अजून काय पायजे?"

"सायकल माझ्यासाठी घ्यायलाव अन् मलाच दाखवायच्या आधी ठरवून मोकळे?"

"लेकरांना काय कळतंय त्यातलं!" असं म्हणून मामा चहाच्या टपरीकडं गेलेसुद्धा.

रेणुकाच्या डोक्यात तिडीक गेली. तिला राग पटकन यायचा हे खरं. पण आजचा राग उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली, तेव्हापासून तिचा उजवा गुडघा नीट वाकत नव्हता. तिच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी रोज ताडकळसला यायचं म्हणजे सात किलोमीटर काळ्या मातीची वाट, आणि त्या वाटेला एसटी फिरकत नाही. जूनपर्यंत काही सोय झाली नाही तर शाळा बंद, असं घरात ठरल्यासारखंच होतं. तेही तिला न विचारताच.

सोय काढली ती नागनाथ गुरुजींनी. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सायकलला बसवायची मोटर आणि बॅटरी पाठवली होती. मूठ पिळली की चाक फिरणार, पायडल मारायचं काम नाही. "सायकल तेवढी पारखून घ्या," गुरुजींनी पोरांना बजावलं होतं. "मोटर बसली की वजन वाढतं, वेग वाढतो. फ्रेम कच्ची असली तर ती सायकल फुकटसुद्धा नको."

मामांनी हे ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं.

"चल, बघू तर खरं तुझं रत्न," हरिओम म्हणाला. हा रेणुकाचा चुलतभाऊ, वयानं वर्षभर मोठा आणि जिभेनं दहा वर्षांनी. तिसरी रेणुकाची मैत्रीण भक्ती. तिची आत्या याच बाजारात माठ विकायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भक्ती तिच्या हाताखाली असायची. आज तिनं तासाभराची सुटी मागून घेतली होती.

किशनरावच्या दुकानात दोन जाड टायरच्या सायकली ऐटीत उभ्या होत्या. काळा चकचकीत रंग, हाताएवढी रुंद चाकं. किशनराव पंख्याखाली बसून पेपर वाचत होते. "या या. मुंजाजीची भाची ना तू? हात लावू नको, रंगाला डाग पडतेत. मामांचं अन् माझं बोलणं झालंय."

"पण बसणार मी हाय," रेणुका म्हणाली.

"मजबूत हाय बाई. दोन माणसं बसली तरी काही होत न्हाई." आणि पेपर पुन्हा वर गेला.

भक्ती सायकलीभोवती एक चक्कर मारून आली. मग सवयीनं तिनं खिशातलं नाणं काढलं आणि माठ वाजवून बघावा तशी फ्रेमची वरची दांडी वाजवली. टण्ण. सीटखालची दांडी वाजवली. टण्ण. हँडलपासून खाली उतरणारी तिरपी दांडी वाजवली आणि ती थांबली. परत वाजवली. मग शेजारच्या दुसऱ्या सायकलीची तीच दांडी वाजवली.

"रेणू," ती हळूच म्हणाली, "बद्द वाजायलंय. दोन्ही बी. असा माठ आमची आत्या गिऱ्हाइकाला देत न्हाई. चीर बुजवलेली असली की असंच वाजतंय."

रेणुकानं वाकून पाहिलं. नेमक्या त्या जागी रंग थोडा फुगीर होता. नख रोवलं तर रंगाखाली लोखंड नव्हतं, पांढरी पुट्टी होती. तिची कानशिलं तापली. मोटरच्या वेगात ती दांडी सुटली असती, तर हँडल हातात आणि तोंड दगडावर!

"आत्ताच बोलते मी त्याला."

"थांब," हरिओमनं तिचा हात धरला. "आत्ता बोललीस तर म्हणंल, लेकरांना काय कळतंय. आधी जोडणाऱ्याला गाठू."

ताडकळसला वेल्डिंगचं दुकान शोधायला कितीसा वेळ लागतो? गल्लीच्या तोंडालाच गोपाळकाका नांगराचा फाळ जोडत बसले होते. हरिओम साळसूद चेहऱ्यानं उभा राहिला. "काका, सायकलची मोडलेली फ्रेम जोडायची हाय. पण जोड दिसला न्हाई पायजे. जमंल का? लोक म्हणतेत, असलं काम परभणीतच होतंय."

गोपाळकाकांना तो टोला बरोबर लागला. त्यांनी डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच वर केली. "परभणी? किशनरावला इचार जाऊन. मागच्या हप्त्यात दोन जाड चाकाच्या जोडून देल्या. वरून पुट्टी, वरून रंग. कोणाच्या बापाला कळायचं न्हाई."

"त्यावर माणूस बसला तर?" रेणुकानं विचारलं.

"बसायला कशाला? हाटेलापुढं शोभेला उभ्या करायच्यात म्हणला तो."

"त्या दुकानात इकायला उभ्या हायत, काका. त्यातली एक माझ्यासाठी हाय."

गोपाळकाकांच्या हातातली काच खाली आली. त्यांनी मशीन बंद केली आणि ते पोरांमागं निघाले.

मामा टपरीवरच होते. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणतात कसे, "एवढा मोठा दुकानदार खोटं बोलंल व्हय? शब्द दिलाय मी." मग किशनरावलाच त्याचा शब्द खरा करून दाखवायला लावायचा, हे रेणुकाला सुचलं. ती मामांना हाताला धरून दुकानात घेऊन आली. मागोमाग गोपाळकाका होते आणि बाजारातली चार रिकामी माणसं होती.

"किशनकाका, दोन माणसं बसतेत म्हणलाव ना? मग चला, तुमी चालवा, मी मागं बसते. ओढ्याच्या उतारावरून एक चक्कर मारू, की मामा लगेच घेतेत."

"मी? माझा गुडघा दुखायलाय."

"माझा बी दुखतोय," रेणुका म्हणाली. माणसं हसली.

तेवढ्यात किशनरावची मुलगी राजेश्री वडिलांचा डबा घेऊन आली. रेणुकाच्याच वयाची. "पप्पा, मी बसू? मला तुमी कधीच हात लावू देत न्हाई," असं म्हणत तिनं डबा ठेवला, सायकल स्टँडवरून काढली आणि टांगसुद्धा टाकली.

"उतर!" किशनराव खुर्चीवरून असे उठले, की पेपर पंख्याखाली उडाला. "राजी, उतर आधी खाली! मोडंल ती!"

राजेश्री एक पाय जमिनीवर टेकून बापाकडं बघतच राहिली.

रेणुकाला वाटलं होतं, आपण ओरडू. पण आवाज अगदी बारीक निघाला. "तुमची लेक पडू नये, अन् मी पडले तर चालतंय?"

किशनरावांनी मामांना बाजूला घेतलं. सोनपेठच्या ओढ्यात टेम्पो उलटला, त्यात या दोन मोडल्या, लय नुकसान झालं, चूक झाली. दुसरी चांगली सायकल देतो, आहे त्याहून स्वस्तात, पण बोभाटा नको.

"झालं मग," मामा सुटल्यासारखे म्हणाले. "मिटलं, रेणू."

"न्हाई मिटलं," रेणुका म्हणाली. "मला दुसरी मिळंल. ह्या दोन इथंच राहतील. उद्या पेडगावची कोणी पोरगी येईल, तिच्यासंगं भक्ती नसंल. आधी ह्या कापा. आमच्यासमोर."

"लोखंड हाय ते, भंगारात—"

"कापूनच जाईल भंगारात," गोपाळकाका म्हणाले. "माझ्या हातनं पाप करून घेतलंस, किशन. आता माझ्याच हातनं निस्तरतो." ते ग्राइंडर घेऊनच आले. ठिणग्या उडाल्या, पुट्टीचा पांढरा धूर झाला आणि दोन्ही दांड्या जोडावरच तुटून पडल्या. राजेश्री शेवटपर्यंत तिथंच उभी होती. बापानं दोनदा घरी जायला सांगितलं, तरी ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पोरांना घेऊन परभणीला गेले. दुकानदारानं मामांपुढं खुर्ची सरकवली. "बोला साहेब, कोणती काढू?"

मामा बसले नाहीत. "मला काय इचारता? चालवणारी ही हाय. हिला इचारा."

रेणुकानं तासभर घेतला. भक्तीनं एकूण एक दांडी वाजवली. चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा यांच्यामध्ये रेणुकानं तीन बोटं घालून पाहिली, कारण वाडीची काळी माती अडकली की चाक जागचं हलत नाही. मोटरचा जोर जिथं बसतो तो मागचा पत्रा जाड आहे का, दोन्ही ब्रेक डिस्कचे आहेत का, बॅटरी मावेल का, सगळं पाहिलं आणि अकरावी सायकल पसंत केली. रंग मात्र मळकट हिरवा होता.

"रंग लय भंगार हाय," हरिओम म्हणाला.

"मग तू डोळे झाकून मागं बस."

चार दिवसांनी गुरुजींनी मोटर बसवली तेव्हा पारावर निम्मी वाडी जमली. गुरुजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! फ्रेम बघून माझंच मन भरलं. मीसुद्धा एवढी तपासली नसती."

मग मामा पुढं आले. टोपी काढून परत घातली. "चूक माझी झाली," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "बसणार ही, अन् शब्द मी दिला. हिनं ऐकलं असतं तर आज दवाखान्यात असती."

मोठ्या माणसाला असं बोलताना रेणुकानं कधी ऐकलं नव्हतं. गेले पाच दिवस तिनं मामांसाठी चांगलं खरमरीत उत्तर पाठ करून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही तिला आता बोलावासा वाटेना.

"बसा मामा मागं," ती म्हणाली आणि तिनं मूठ पिळली.