खरखरीखालचा आवाज

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी या कामाबद्दल मी घरीसुद्धा तोंड उघडलेलं नाही.

काम तसं साधं होतं. एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, नवा ॲम्प जोडल्यापासून स्पीकर खरखरतात. दुपारी तीनला हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो. तिसरा मजला. खिडक्या घट्ट लावलेल्या, आत तापलेल्या धुळीचा वास.

टेबलावर दोन खोकी होती. डावीकडे प्रीॲम्प, बाईंच्या दिवंगत यजमानांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. नाजूक सिग्नल सावरून पुढे देणं हे त्याचं काम. उजवीकडे भाच्यानं आणून दिलेला नवाकोरा पॉवर ॲम्प, त्या सिग्नलला ताकद देऊन स्पीकर हलवणारा. जुना पॉवर ॲम्प महिन्यापूर्वी जळाला होता.

"बाई, ही जोडी विजोड आहे," मी म्हणालो. "प्रीॲम्प जोरात बोलणारा आणि हा नवा भलताच तिखट कानाचा. जुना मवाळ असणार, म्हणून खरखर दबून राहायची. आता उघडी पडली."

"खरखरच आहे ना ती?" बाईंनी विचारलं.

मी रेकॉर्ड प्लेअरची केबल उपटली. आता प्रीॲम्पला मागून काहीच येत नव्हतं. कान स्पीकरपाशी नेला. खरखर होती... आणि तिच्या तळाशी कुणीतरी श्वास घेत होतं. मग पुटपुटणं सुरू झालं. संथ, न थांबणारं. शब्द लागत नव्हते.

"एखादं रेडिओ केंद्र पकडत असेल," मी म्हणालो.

"रेडिओ खोकत नाही हो."

तेवढ्यात ते खोकलं.

"तुमच्या... यजमानांचा आवाज?"

"नाही," बाई अगदी हळू म्हणाल्या. "त्यांचा आवाज मी ओळखणार नाही का? ते घाबरायचे याला. जुना ॲम्प त्यांनी मुद्दाम कमजोर बांधला होता. ऐकू येता कामा नये म्हणून."

"मग बंदच का नाही ठेवत?"

"दोन्ही खोक्यांमधली केबल काढून बघा."

काढली. स्पीकर मुके झाले. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच पाठीमागच्या कपाटातून, कपड्यांच्या आडून, तेच पुटपुटणं आलं. मग कपाटाच्या अलीकडून. मग माझ्या खुर्चीखालून...

मी केबल कशीबशी परत खुपसली. आवाज निमूट स्पीकरमध्ये गेला.

पिशवीतली दुसरी केबल काढून तिच्यात सिग्नल कमी करणारे रेझिस्टर बसवायला घेतले. दहा मिनिटांचं काम, पण सोल्डर दोनदा ओघळलं. राळेचा धूर डोळ्यांत जात होता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. श्वास रोखून मी केबल बदलली.

शांतता. खरखर नाही, श्वास नाही. कपाटही गप्प. बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी पाणीही न पिता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहवेना म्हणून घरून फोन केला.

"बाई, खरखर?"

"गेली. अगदी साफ गेली."

"मग झालं तर."



"पुटपुटणं रात्री परत सुरू झालं. खरखर गेली ना... म्हणून आता शब्द कळायला लागलेत." बाई कुजबुजल्या. "दादा, तुम्हाला मुलगी आहे का हो? डाव्या कानानं ऐकू न येणारी?"

त्या घरात मी मुलीचा विषयही काढला नव्हता. फोन हातात तसाच धरून मी वळलो. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. उजव्या कानावर हात घट्ट दाबून, मान कलती करून, डाव्या कानानं लक्ष देऊन काहीतरी ऐकत.