तळमजल्यावरचा लसणाचा वास

"गोळा खाल्लास की न्हाय? खरं सांग!"

"खाल्ला," मल्हार रडतच म्हणाला आणि तोंडावर हात दाबून पुन्हा मोरीकडं पळाला.

झालं! आईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं धाकट्याला सोडलं आणि थोरलीला धरलं. "अंकिता! एवढ्याशा पोराला रस्त्यावरचा बर्फाचा गोळा चारतीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"अगं पण सगळ्यांनीच खाल्ला की! मी खाल्ला, शाइस्तानं खाल्ला, सिदूनं तर माझ्यातलाबी अर्धा ओढला. आमाला काय झालं? ठणठणीत हाय आमी!"

"उलट बोलू नको!"

एवढ्यात श्रीमंतकाका दारात उगवलेच. हे बिल्डिंगीचे चेअरमन. कुणाच्या घरात पातेलं पडलं तरी बघायला येणार. "मी म्हणतच होतो वहिनी," ते मिशी चोळत म्हणाले, "सुट्टी लागली की ही पोरं मोकाट! रस्त्यावरचं खायचं आन घाण घरात आणायची."

अंकिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बोलायच्या आत आतल्या खोलीतनं ओकारीचा आवाज आला. महादेवीअक्का!

अक्का म्हणजे अंकिताची मोठी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाहेर सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, फरशीवर पापड टाकला तर भाजून निघावा असं! बिल्डिंगीतली सगळी माणसं रात्री गच्चीवर झोपायची. पण बाळंतिणीला वारं लागतं ना! म्हणून अक्काच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी बंद, फटीत फडकी कोंबलेली. आई तिच्यापाशी झोपायची, आणि बाळाशेजारीच झोपायचं म्हणून मल्हारही तिथंच लोळायचा.

"आता अक्कानं कवा गोळा खाल्ला?" अंकिता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तिला मेथीचे लाडू आन शेपूची भाजी सोडून काय देता तुमी?"

"तिचं पित्त हाय."

"आन तू डोक्याला फडकं का बांधलंयस?"

"उन्हानं डोकं दुखतंय माझं."

"वा गं वा! त्याला गोळा बाधला, तिला पित्त झालं, तुला ऊन लागलं! तिघं एकाच खोलीत झोपता, तिघंच आजारी पडता, आन शिव्या मात्र मला?"

"हो बाहेर!" आई ओरडली.

अंकिता निघाली, पण आधी पाळण्यात डोकावली. बाळ मान टाकून पडलं होतं. रोज आख्खी बिल्डिंग डोक्यावर घेणारं कार्टं सकाळपासून धड कुरकुरलंही नव्हतं.

"आई, बाळ रडत का न्हाय गं?"

"गुणाचं हाय माझं. तुझ्यासारखं न्हाय! आन जाताना दार ओढ. शेजारी कुणीतरी शेंगाची चटणी कुटतंय, लसणाचा नुसता घमघमाट सुटलाय."

जिन्यात शाइस्ता आणि सिदू पायऱ्यांवर बसले होते. शाइस्ता तिसऱ्या मजल्यावरची. सिदू समोरच्या बैठ्या घरातला, पण राहायला कायम इथंच.

"काय बे, मार खाल्ला का?" सिदूनं विचारलं.

"दात काढू नको!" अंकितानं सगळं सांगितलं. "त्या खोलीतच कायतरी हाय. बाळ मलूल पडलंय आन माझं कुणी ऐकत न्हाय. बाबा चिंचोळीला कंपनीत. तितं मोबाईल गेटवरच जमा करून घेतात."

"आन चटणीचा वास म्हणतीस?" शाइस्ता उठली. "थांब, आत्ता आले!"

ती सगळे मजले नाकानं हुंगत फिरली आणि धापा टाकत परत आली. "कुणाच्याच घरी चटणी नै! दुसऱ्यावर वांगं शिजतंय. चौथ्यावर आमरस हाय, मला वाटीभर दिला. तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटातले लग्नाला मंगळवेढ्याला गेलेत. लसूण म्हणून कुटंच नै!"

"मग वास कुठला?"

तिघं बिल्डिंगीमागं गेले. तिथं मोऱ्यांच्या पायपांचा अरुंद बोळ होता. त्यात समोरासमोर दोन उघड्या खिडक्या. एक अक्काच्या खोलीतल्या मोरीची, दुसरी शेजारच्या बंद फ्लॅटची. तो फ्लॅट श्रीमंतकाकांचाच, रिकामाच असायचा.

अंकिता बोळाच्या तोंडाशी वाकली आणि दचकून मागं सरली. खाली झुरळं पालथी पडली होती, पाय वर करून, खच! त्यांच्यामध्ये एक पाल. तीही मेलेली. आणि लसणाचा उग्र, कुजका वास.

सिदूचं तोंड उतरलं. "मागं हो बे! हा वास मला ठाऊक हाय. नातेपुत्याला माझ्या मामाचं धान्याचं गोदाम हाय. पोती झाकून त्यात किडीच्या गोळ्या टाकतात, त्यातनं गॅस निघतो. तवा मामा गोदामाजवळ कोंबडीसुद्धा फिरकू देत न्हाय. माणूस मरतं म्हणतो!"

"पण हितं धान्य कुठलं?"

पुढं जाऊन बघतात तर काय! बंद फ्लॅटच्या दाराच्या फटींना चारी बाजूंनी तपकिरी चिकटपट्टी मारलेली. आणि शेजारच्या जिन्यात पाठीवर पंप लावून धनाजी फवारत होता. 'घरातील सर्व किडींचा कायमचा बंदोबस्त' असं त्याच्या शर्टावर छापलेलं.

"काका, त्या फ्लॅटमध्ये काय टाकलंय?" अंकितानं विचारलं.

"झुरळांना पार्टी दिलीया!" धनाजी हसला. "तुला यायचंय का?"

"मागची खिडकी बंद केली न्हाय तुमी. सगळा वास आमच्या घरात येतोय. माझी अक्का आजारी पडलीय!"

"ए, मला शिकवू नको. लई घरं केलीत मी. पुढनं पट्टी मारली की झालं. जा, खेळ जा!"

तिघं श्रीमंतकाकांकडं धावले. ते पंख्याखाली कलिंगड खात बसले होते.

"काका, फ्लॅटमध्ये धान्य हाय का? गोळ्या टाकल्यात का?"

काकांच्या हातातली फोड जागीच थांबली. मग ते खेकसले, "कुठलं धान्य? रिकामा फ्लॅट हाय! साधी झुरळाची फवारणी. माणसाला काय होत न्हाय त्यानं!"

"मग दार उघडून दाखवा!"

"चेअरमनला दार उघड म्हणतीस? थांब, तुझ्या बापाला सांगतो!"

धाडकन दार आपटलं. शाइस्ता वर जाऊन अम्मीला, म्हणजे कमरुन्निसाचाचीला सांगून आली. चाची म्हणाल्या, मोठ्यांच्या भानगडीत पडू नका. अंकिता पुन्हा आईकडं गेली. हात जोडले, पाया पडली. "आई, अक्काला बाहेर घे. पाच मिनिटं!"

"ओली बाळंतीण उन्हावाऱ्यात काढू? वेड लागलं का तुला?"

अक्का डोळे मिटून भिंतीला टेकली होती. ओठ पांढरे पडलेले. अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. खरं सांगून कुणी हलत न्हाय? बरं!

तिनं सिदूच्या कानात काहीतरी सांगितलं. सिदूनं मान हलवली. पुढच्या क्षणाला तळमजला हादरला.

"साप! साप! अक्काच्या खोलीत साप! पाळण्याखाली!"

काय सांगावं! आईनं बाळ उचललं ते थेट कडुनिंबाखाली. शाइस्तानं मल्हारला काखेत मारलं. अंकितानं अक्काला खांद्याचा आधार देत ओढतच अंगणात आणलं. वारं लागंल, ऊन लागंल, कुणाला आठवलंच नाही! वरून माणसं काठ्या घेऊन धावली. धनाजी पंपासकट अंगणात पळत आला. श्रीमंतकाका लुंगी सावरत उतरले.

"कुटं हाय? कुटं गेला?"

"तुमच्या फ्लॅटात!" सिदू बंद दाराकडं बोट करून ओरडला. "मोरीच्या खिडकीतनं आत शिरला. लई मोठा हाय!"

"दार उघडा! मारा त्याला!" चौथ्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटत म्हणाले.

"नको!" काका दाराला पाठ लावून उभे राहिले. "राहू द्या. जाईल आपोआप."

"साप तसाच सोडायचा? वर लेकरं हायत!"

अंकिता पुढं झाली. तिनं चिकटपट्टीच्या टोकाला नख लावल्यासारखं केलं मात्र...

"हात लावू नको!" श्रीमंतकाका किंचाळले. "मरशील! गॅस हाय आत!"

अंकितानं हात मागं घेतला.

"का हो काका? मघाशी तर म्हणालात, माणसाला काय होत न्हाय त्यानं."

काकांच्या कपाळावरनं घाम ओघळला. "वर्षाची ज्वारी भरलीया आत... मंगळवेढ्याची. सोंडे लागत होते. हा धनाजीच काल म्हणाला, गोळ्या टाकतो..."

"मी म्हणलो?" धनाजी उसळला. "तुमीच म्हणाला, शेतीच्या दुकानातनं आण, स्वस्त पडतंय!"

"अरे, भिंतीपलीकडं ओली बाळंतीण हाय माझी!" आई असं ओरडली की दोघंही मागं सरकले.

घाबरलेल्या काकांनी बादली उचलली. "पाणी मारतो, विझून जाईल!"

"पाणी न्हाय!" सिदू बादलीला लटकला. "पाण्यानं आणखी गॅस सुटतो! मामानं सांगितलंय!"

शाइस्ताच्या अब्बांची, आसिफभाईंची रिक्षा गेटवरच होती. अक्का, बाळ, मल्हार आणि आई, चौघांना घेऊन ती सरकारी दवाखान्याकडं सुटली. कमरुन्निसाचाचींनी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. ते मुखवटे चढवून आले, सगळी बिल्डिंग रिकामी केली, पट्टी फाडली, दारं-खिडक्या उघडल्या. पोत्यांवर तर गोळ्या होत्याच, शिवाय 'ढेकणं-झुरळंबी मरतील' म्हणून धनाजीनं फरशीवर ताटल्यांतही मांडून ठेवल्या होत्या. परवाना विचारल्यावर तो बुटांकडं बघायला लागला. मागोमाग आलेल्या पोलिसांनी त्याला आणि श्रीमंतकाकांना तिथंच थांबवून घेतलं.

अंकिताचं मात्र कशात लक्ष नव्हतं. ती कडुनिंबाखाली चाचींचा मोबाईल मुठीत धरून बसली होती. आसिफभाईंचा फोन आला तेव्हा तिला बटण दाबता येईना. शाइस्तानंच उचलला आणि आवाज मोठा केला.

"बेटा, बाळ रडतंय! आख्खा वॉर्ड उठवलाय त्यानं! दूधबी प्यायलं. तुझी अक्का आन मल्हार शुद्धीत हायत. डॉक्टर म्हणाले, आज रात्री पुन्हा त्या खोलीत झोपले असते तर बाळ हाताला लागलं नसतं."

अंकिता गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडली.

अग्निशमनचे साहेब मुखवटा काढून जवळ आले. "शाबास पोरांनो! मोठी माणसं चुकली, पण तुम्ही..."

माणसं टाळ्या वाजवायला लागली. आजोबा म्हणाले, "लई हुशार पोरं हायत आपली!" आणि अंकिता ताडकन उठली.

"टाळ्या नकोत आमाला!" तिचा चेहरा लाल झाला होता. "दुपारपासून घसा कोरडा करून खरं सांगतोय आमी. आईला सांगितलं, काकांना सांगितलं, चाचींना सांगितलं. एकानं तरी ऐकलं का? आन साप म्हणून खोटं ओरडलो, तर सगळी बिल्डिंग काठ्या घेऊन आली! खोटं लगेच ऐकता तुमी, खरं का ऐकत न्हाय?"

टाळ्या थांबल्या. कमरुन्निसाचाचींनी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी हेल्मेट बाजूला ठेवलं आणि ते सरळ मातीत मांडी घालून अंकितासमोर बसले. "चुकलंच आमचं सगळ्यांचं. आता सांग बेटा. पहिल्यापासून. एक शब्द गाळू नको."

एकेक करून बाकीचेही खाली टेकले. अंकितानं नाक पुसलं. सिदू आणि शाइस्ता तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

"सकाळी मल्हार ओकला," तिनं सुरुवात केली.

"अहो साहेब, पोरीचं काय घेऊन बसलात," श्रीमंतकाका मधेच म्हणाले, "मी सांगतो ना, काय झालं..."

"गप बसा श्रीमंतभाऊ," कमरुन्निसाचाची म्हणाल्या. "पोरगी बोलतीय."