मोकाट लोह

हल्ली किडनी बसवताना, तिच्यात रक्त सोडण्याआधी, शस्त्रक्रियागृहातले दिवे मालवतात. मिरजेच्या डॉ. निवेदिता खाडिलकरांना या अंधाराची इतकी सवय झाली होती, की तेवढ्यात त्या मान मोकळी करून घ्यायच्या. किडनीवर लोहदीप नावाचा द्रव फवारला, की पेशींत जिथे लोह मोकाट फिरत असेल तिथे नारिंगी उजेड दिसतो. तो पाहून लोहपाश हे औषध सोडायचं. ते लोहाला बांधून ठेवतं. मग दिवे लावून रक्तवाहिनीचा चिमटा काढायचा.

आज मात्र मान मोकळी करता करता त्या थांबल्या. हेमलताबाईंनी धाकट्या भावाला, विलासला, दिलेली किडनी शेगडीतल्या निखाऱ्यासारखी दिसत होती.

"बाईंच्या तपासणीत तर काहीच नव्हतं," भूलतज्ज्ञ डॉ. सय्यद म्हणाले.

तपासणी महिन्यापूर्वीची होती. रक्त थांबलं तरी किडनी काही काळ तग धरते; खरा घात होतो तो रक्त परतताना. रक्ताबरोबर प्राणवायू येतो, मोकाट लोहाशी त्याची गाठ पडते आणि पेशींची आवरणं जळून फाटतात. निवेदितांनी लोहपाशाची पूर्ण मात्रा दिली. उजेड निम्म्यावर आला. आणखी द्यावं, तर ते रक्तातून विलासच्या थकलेल्या हृदयावर उठणार. थांबावं, तर रक्ताविना थंड पडलेली किडनी हातची जाणार. त्यांना भयंकर एकटं वाटलं. त्यांनी चिमटा काढला.

किडनी गुलाबी झाली, आणि मग खालच्या टोकाकडून जांभळी पडत गेली. मूत्राचा थेंबही आला नाही.

संध्याकाळी त्या हेमलताबाईंच्या खाटेपाशी गेल्या. बाई अंगणवाडी सेविका. गावातल्या गरोदर बायकांच्या मागे लागून त्यांना रक्तवाढीच्या लोहगोळ्या गिळायला लावण्यात त्यांचा निम्मा जन्म गेला होता. शस्त्रक्रियेआधी काही औषध चालू होतं का, असं निवेदितांनी विचारलं. तुम्ही सांगितल्यावर सगळी बंद केली, असं बाई म्हणाल्या. मग जराशा लाजल्या.

"आमच्या रक्तवाढीच्या गोळ्या तेवढ्या घेतल्या, महिनाभर, दुप्पट. ते काय औषध न्हवं, मॅडम. ताकद असती त्यात. भावाला अशक्त किडनी कशी द्यायची?"

निवेदितांना तो नारिंगी उजेड आठवला. खरं सांगितलं तर ही बाई जन्मभर स्वतःला खात बसेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. काही दिवस गप्प राहावं, किडनी सावरते का पाहावं, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलंही.

तेवढ्यात बाईंनी त्यांचा हात धरला.

"माझी न्हाई लागली तर रत्ना द्यायला तयार हाय, आमची धाकटी भैण. तिला बी कालपासनं चालू केल्यात गोळ्या. बरं केलं न्हवं, मॅडम?"